उथळ पाण्याचा जाणकार

चिल्डर्स हे आडनाव पाली भाषेच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. सिलोनच्या मुलकी सेवेतून इंग्लंडला परतलेल्या रॉबर्ट सीझर चिल्डर्स यांनी १८७२ ते १८७५ या काळात पाली-इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध केला आणि पुढच्याच वर्षी क्षयाने त्यांचे निधन झाले. त्यांचा मुलगा अर्स्किन तेव्हा जेमतेम सहा वर्षांचा होता. आईलाही त्याच रोगाने गाठले. मुलांना संसर्ग होऊ नये म्हणून तिला दूर ठेवण्यात आले आणि पाचही भावंडांची रवानगी आयर्लंडच्या विक्लो परगण्यात, ग्लेंडालॉक येथे मामाच्या घरी झाली. मामी ही मुलांची सख्खी आत्याच असल्याने मायेला कमतरता पडली नाही. आईची भेट मात्र पुन्हा झाली नाही. १८८४ मध्ये ती गेली. जन्म लंडनचा आणि घर आयर्लंडचे, हा दुपेडी वारसा अर्स्किन चिल्डर्स यांच्या आयुष्याला असा बालपणीच चिकटला.

शिक्षण मात्र साम्राज्याच्या शिरस्त्याप्रमाणेच झाले. ईस्ट इंडिया कंपनीचे मुलकी अधिकारी ज्या वास्तूत घडत, त्या हेलीबरीच्या शाळेत आणि नंतर केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात. १८९५ मध्ये ते ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात कारकून म्हणून रुजू झाले. चष्मा लावणारा, किंचित लंगडत चालणारा, मितभाषी असा हा कारकून सहकाऱ्यांच्या फारसा नजरेत भरत नसे. पण अधिवेशन संपले की तो नाहीसा होई. संसदेच्या लांबलचक सुट्ट्या हीच या नोकरीची खरी कमाई होती, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

१८९७ च्या वसंतात त्यांनी ‘व्हिक्सन’ नावाची नाव घेतली. जुन्या जीवरक्षक नौकेच्या सांगाड्यावर डेक आणि केबिन चढवून तयार केलेली ही तीस फुटांची शिडाची नाव दिसायला अगदीच ओबडधोबड होती. शर्यतींच्या शौकिनांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नसते. परंतु तिच्या पोटात एक मोलाची सोय होती. तळाच्या मध्यभागी बसवलेली जड लोखंडी पाटी हवी तेव्हा खाली सोडता येई व हवी तेव्हा वर ओढून घेता येई. खोल समुद्रात पाटी खाली सोडली की नाव वाऱ्याला धरून राहायची. पाटी वर घेतली की ती उथळ पाण्यात शिरायची आणि प्रसंगी वाळूवर फारशी न कलंडता बसायची.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये चिल्डर्स या नावेतून निघाले. प्रवासात त्यांचा भाऊ हेन्री सोबतीला होता. हॉलंड आणि जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यासमोर फ्रिजियन बेटांची एक लांब माळ आहे. बेटांच्या पलीकडे खवळलेला उत्तर समुद्र, तर अलीकडे मुख्य भूमीपर्यंत पसरलेला वाळू आणि चिखलाचा प्रदेश. भरतीच्या वेळी तो सरोवरासारखा दिसतो, तर ओहोटीला मैलोगणती उघडा पडतो. मोठी जहाजे या पाण्याच्या वाटेला जात नाहीत. चिल्डर्स यांना नेमके तेच हवे होते, कारण बाहेर वादळ उठले असताना छोट्या नावेला निवारा मिळतो तो इथेच.

मात्र हा निवारा फुकट मिळत नाही. प्रत्येक बेटाच्या दोन्ही टोकांकडून भरतीचे पाणी आत शिरते आणि बेटामागे कुठेतरी मध्यावर एकमेकांना भेटते. तिथे प्रवाह मंदावतो, गाळ साचतो आणि वाट सर्वांत उथळ होते. तो टप्पा ऐन भरतीच्या सुमारासच ओलांडावा लागतो. वाटेच्या खुणा म्हणजे चिखलात रोवलेल्या झाडांच्या फांद्या. नांगर टाकताना आत्ता किती पाणी आहे याला फारसा अर्थ नसतो. सहा तासांनी किती उरेल आणि रात्री वारा फिरला तर हाच आडोसा कायम राहील का, याचे गणित आधी मांडावे लागते. ते चुकून नाव रुतलीच तर छोटा नांगर होडीतून दूर नेऊन टाकायचा आणि त्याचा दोर ओढून तिला सोडवायचे. उधाणाच्या भरतीच्या अगदी टोकाला रुतलेली नाव मात्र पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे पंधरवडाभर, जागची हलत नाही. संसदेतले हे कारकून मातब्बर खलाशांच्या तोडीने ही विद्या शिकले. नॉर्डर्नीसारखी बेटे पाहत, पुढे कालव्याच्या मार्गे ‘व्हिक्सन’ थेट बाल्टिक समुद्रात पोहोचली. घरी परतेपर्यंत डिसेंबर उजाडला होता.

मधल्या काळात १९०० मध्ये चिल्डर्स स्वयंसेवक गोलंदाज म्हणून बोअर युद्धावर जाऊन आले. १९०३ मध्ये त्यांची ‘द रिडल ऑफ द सॅण्ड्स’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. दोन इंग्रज तरुण एका छोट्या नावेतून याच वाळूच्या प्रदेशात भटकत असताना त्यांना इंग्लंडवर स्वारी करण्याच्या जर्मनीच्या गुप्त तयारीचा सुगावा लागतो, असे तिचे कथानक. कट काल्पनिक होता, पण पाणी खरे होते. दाट धुक्यात केवळ होकायंत्र आणि पाणी मोजण्याच्या काठीच्या आधाराने नॉर्डर्नीहून मेमर्टपर्यंत होडी वल्हवत नेण्याचा प्रसंग आजही वाचकाचा श्वास रोखतो. हेरकथांच्या आद्य कृतींत या कादंबरीची गणना होते. तिचा प्रभाव किती, तर १९१० मध्ये ब्रँडन आणि ट्रेंच हे दोन ब्रिटिश अधिकारी याच किनाऱ्यावर हेरगिरी करताना पकडले गेले आणि लाइपझिगच्या न्यायालयात ब्रँडन यांनी ही कादंबरी तीनदा वाचल्याचे सांगितले.

१९०३ मध्येच बोस्टनला गेले असता चिल्डर्स यांची मॉली ऑसगुड यांच्याशी गाठ पडली आणि जानेवारी १९०४ मध्ये विवाह झाला. बालपणीच्या अपघाताने मॉली यांना काठ्यांवाचून चालणे कठीण होते. सुकाणू हाती आले की मात्र त्या कुणाला ऐकत नसत. सासऱ्यांनी जावयाला आहेर केला तोही नावेचाच. नॉर्वेचे ख्यातनाम नौकाबांधणीकार कॉलिन आर्चर यांनी १९०५ मध्ये बांधलेली, सुमारे पन्नास फुटांची ‘आस्गार्ड’.

१९०८ मध्ये आतेमामेभाऊ रॉबर्ट बार्टन यांच्यासोबत केलेल्या आयर्लंडच्या दौऱ्याने चिल्डर्स यांचे राजकीय विचार पालटले. आयर्लंडला स्वराज्य मिळालेच पाहिजे, या निष्कर्षाप्रत ते आले आणि १९१० मध्ये त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. १९१४ च्या उन्हाळ्यात आयरिश स्वयंसेवकांसाठी हॅम्बुर्गमध्ये १,५०० बंदुका खरेदी करण्यात आल्या. १२ जुलैला बेल्जियमच्या किनाऱ्यासमोर भर समुद्रात त्यांपैकी ९०० बंदुका आणि २९ हजार काडतुसे ‘आस्गार्ड’वर चढवण्यात आली. केबिनमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. बंदुकांवरच गाद्या अंथरून सारे झोपत. नावेवर मॉली होत्या, मेरी स्प्रिंग राइस होत्या आणि डोनेगलचे दोन कोळीही होते. वाटेत ब्रिटिश आरमाराच्या युद्धनौकांमधून जावे लागले. आयरिश समुद्रात वादळाने झोडपले. तरीही २६ जुलैला दुपारी ठरल्या वेळी ‘आस्गार्ड’ डब्लिनजवळच्या होथ बंदरात शिरली, तेव्हा सुकाणू मॉली यांच्या हाती होते. जमलेल्या स्वयंसेवकांनी सुमारे अर्ध्या तासात माल उतरवून घेतला. त्याच सायंकाळी डब्लिनमध्ये ब्रिटिश सैनिकांनी जमावावर गोळीबार केला. त्यात तिघे जागीच ठार झाले.

आठवडाभरातच महायुद्ध भडकले आणि ज्या सरकारच्या नाकावर टिच्चून बंदुका उतरवल्या, त्याच सरकारच्या आरमारात चिल्डर्स दाखल झाले. यात त्यांना विसंगती वाटली नाही. बेल्जियमसारख्या लहान राष्ट्रासाठी हे युद्ध आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. जर्मन किनाऱ्याची त्यांच्याइतकी माहिती आरमारात फार थोड्यांना होती. २५ डिसेंबर १९१४ च्या कुक्सहाफेन हल्ल्यात ते विमानातून निरीक्षक म्हणून गेले. एकेकाळी तळाला वाळू घासत ज्या समुद्रातून ‘व्हिक्सन’ हाकली, तोच आता आकाशातून पाहण्याची वेळ आली. १९१७ मध्ये त्यांना शौर्यपदक मिळाले. पण १९१६ च्या ईस्टरच्या उठावात होथला उतरवलेल्या बंदुका डब्लिनच्या रस्त्यांवर कडाडल्या होत्या आणि उठावाच्या नेत्यांना देहान्त शासन झाले होते. त्याने त्यांचे मन साम्राज्यावरून पुरते उडाले.

१९१९ मध्ये ते आयर्लंडला स्थायिक झाले. १९२१ मध्ये आयरिश संसदेवर निवडून आले आणि लंडनला तहाच्या वाटाघाटींसाठी गेलेल्या शिष्टमंडळाचे सचिव झाले. तहावर बार्टन यांनी नाइलाजाने सही केली, चिल्डर्स यांनी मात्र त्याला कडाडून विरोध केला. तहाच्या समर्थकांना हा परकीय माणूस आपल्या देशात आग लावतो आहे असे वाटू लागले. आर्थर ग्रिफिथ यांनी भर सभागृहात त्यांच्या इंग्रजपणाचा उद्धार केला. इंग्लंडच्या लेखी ते फितूर होतेच. यादवी युद्धात प्रजासत्ताकवाद्यांचे प्रचारपत्र काढत ते डोंगराळ भागात लपतछपत फिरले आणि १० नोव्हेंबर १९२२ रोजी बालपणीच्या त्याच ग्लेंडालॉकच्या घरी पकडले गेले. त्यांच्याजवळ एक छोटे पिस्तूल सापडले. मायकेल कॉलिन्स यांनी स्नेहाच्या दिवसांत भेट दिलेले. विनापरवाना शस्त्र बाळगणे एवढाच आरोप, आणि शिक्षा मृत्यूची. अपील प्रलंबित असतानाच २४ नोव्हेंबरला डब्लिनच्या बेगर्स बुश बराकीत ती अमलात आणण्यात आली. त्यापूर्वी त्यांनी गोळ्या झाडणाऱ्या प्रत्येक सैनिकाशी हस्तांदोलन केले आणि काम सोपे व्हावे म्हणून त्यांना एकदोन पावले पुढे येण्यास सुचवले.

सोळा वर्षांच्या मुलाकडून त्यांनी एक वचन घेतले होते. शिक्षेच्या हुकमाला जबाबदार असलेल्या प्रत्येकाला भेटून हात मिळवायचा. हा मुलगा, अर्स्किन हॅमिल्टन चिल्डर्स, १९७३ मध्ये आयर्लंडचा राष्ट्राध्यक्ष झाला आणि पुढच्याच वर्षी पदावर असताना निवर्तला.

होथच्या फेरीनंतर चिल्डर्स पुन्हा कधी ‘आस्गार्ड’वर चढले नाहीत. ती वेल्समध्ये नांगरून पडली होती. १९२८ मध्ये ती विकली गेली आणि १९६१ मध्ये आयर्लंड सरकारने विकत घेतली. लाकडांची निगुतीने डागडुजी झाल्यावर २०१२ मध्ये ती डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात प्रदर्शनासाठी खुली करण्यात आली. संग्रहालयाच्या त्या वास्तूचे नाव आहे कॉलिन्स बराक. ते पिस्तूल भेट देणाऱ्या मायकेल कॉलिन्स यांच्याच नावाने ती ओळखली जाते.