औषधदानाचे व्रती : डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर

दि. १४ जानेवारी १८७५ रोजी आल्सास प्रांतात जन्मलेले अल्बर्ट श्वाइट्झर तिशीपर्यंत तत्त्वचिंतक, धर्मशास्त्राचे अध्यापक व ऑर्गनवादक म्हणून मान्यता पावले होते. आफ्रिकेतील रुग्णांची दैना वाचून त्यांनी १९०५ मध्ये वैद्यकीय शिक्षण आरंभिले. १९१३ मध्ये पत्नी हेलेन यांच्यासह ते आजच्या गॅबॉनमधील लांबारेने येथे पोहोचले. कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यात त्यांचा पहिला दवाखाना सुरू झाला. हिवताप, निद्रारोग व कुष्ठरोगाने पीडित रुग्ण होडीतून येत. आप्तही तेथेच राहून स्वयंपाक करीत. खर्चासाठी डॉक्टर युरोपात ऑर्गनवादन करीत, व्याख्याने देत.

१९१५ मध्ये ओगोवे नदीच्या प्रवासात त्यांना जीवमात्राविषयीच्या आदराचे तत्त्व उमगले. १९३५ च्या भारतीय विचारांवरील ग्रंथात त्यांनी जैनांच्या अहिंसेचा गौरव केला; मात्र केवळ न मारणे पुरेसे नाही, अहिंसेने दुःखितांच्या प्रत्यक्ष साहाय्यास धावले पाहिजे, असेही परखडपणे मांडले.

आफ्रिकी बांधवांना ते समान न मानता धाकटे मानीत, ही टीका निराधार नव्हती. तरीही १९५२ च्या नोबेल शांतता पारितोषिकाची रक्कम त्यांनी कुष्ठरुग्णांच्या वसाहतीस दिली. दि. ४ सप्टेंबर १९६५ रोजी लांबारेने येथेच त्यांचे देहावसान झाले. रुग्णालय मात्र चालूच राहिले.

आहार, औषध, शास्त्र व अभय ही चार दाने आपण जाणतो. अभयदानास औषधदानाची जोड मिळाली, तरच जीवदया पूर्णत्वास जाते, हीच या जीवनाची शिकवण होय.