कानाने अंतर मोजणारा शिकारी

जिम कॉर्बेट हे नाव उच्चारताच डोळ्यांपुढे रायफल येते. मात्र कुमाऊँच्या जंगलात त्यांना अनेकदा जिवंत राखले ते कानांनी. दाट झाडीत नजर फार दूर पोहोचत नाही. आवाज कोठून आला आणि किती अंतरावरून आला, हे तेथे अचूक ओळखावे लागते.

२५ जुलै १८७५ रोजी नैनितालमध्ये जन्मलेल्या कॉर्बेट यांचे वडील तेथे पोस्टमास्तर होते. त्यांचे छत्र लवकर हरपले. हिवाळ्यात कुटुंब पायथ्याच्या कालाढुंगीला उतरे आणि लहानगा जिम रानात शिरे. हाती ठासणीची जुनी दुनळी बंदूक, तिचीही एक नळी फुटलेली! दारू-छरे मोजकेच. सावज माऱ्यात आल्याची खात्री झाल्याखेरीज बार काढणे परवडणारे नव्हते. भेकर ओरडले, चितळाने इशारा दिला, वानर खेकसले, की वाघ कोणत्या बाजूला, किती दूर आहे, याचा हिशेब मनात सुरू होई. डोंगराळ मुलखात प्रतिध्वनी कानाला फसवतो, तर स्वच्छ हवेत दरीपलीकडचा कडा हाताशी आल्यासारखा भासतो. हे बारकावे त्यांना सरावानेच उमगत गेले.

पुढे मोकामेह घाटावर रेल्वेच्या मालाची चढउतार करण्यात वीसहून अधिक वर्षे गेली. १९०७ मध्ये त्यांनी चंपावतची वाघीण मारली; ४३६ बळी तिच्या नावावर होते. १९२६ च्या मे महिन्यात रुद्रप्रयागजवळ आंब्याच्या झाडावर बसलेल्या कॉर्बेट यांना अंधारात बिबट्या दिसला नाही. खाली बांधलेल्या बकरीच्या गळ्यातली घंटा वाजली आणि त्यांनी टॉर्च पेटवून गोळी झाडली. सव्वाशे माणसे खाणारा नरभक्षक संपला.

खरी कसोटी लागली ती १९२९ मध्ये. शिकारीत कानालगत रायफलचा बार उडून त्यांचा पडदा फाटला. तशाच अवस्थेत ते तल्ला देशच्या नरभक्षक वाघिणीमागे गेले. कानात गळू, सुजेने एक डोळा मिटत आलेला आणि वाघीण जखमी होऊन झाडीत दडलेली. अंतर सांगणारा कानच निकामी असताना हा माग काढणे, हे त्यांच्या साऱ्या शिकारींत बहुधा सर्वांत धोक्याचे साहस होते. तरीही त्यांनी तिला गाठलेच.

१९४४ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी सैनिकांना हीच जंगलविद्या शिकवली. १९४७ मध्ये भगिनी मॅगीसह ते केनियाला गेले. आवाजावरून दिशा आणि अंतर ओळखण्याचे हे शास्त्र ‘जंगल लोअर’ या पुस्तकाद्वारे १९५३ मध्ये वाचकांपुढे आले. १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी येथे त्यांचे निधन झाले.