मातांचा कैवारी

व्हिएन्ना शहराच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात इ. स. १८४६ साली प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. रुग्णांना घेण्याचे दिवस आळीपाळीने येत. आज पहिल्या विभागाची पाळी आहे असे कळताच गरीब स्त्रिया गुडघे टेकून गयावया करीत. आपल्याला तेथे नेऊ नये, एवढेच त्यांचे मागणे असे. त्यांचे भय अनाठायी नव्हते. दोन्ही विभागांत प्रसूती जवळजवळ सारख्याच होत. पण त्या वर्षी पहिल्यात ४५९ माता दगावल्या, दुसऱ्यात १०५. बहुतेकींना सूतिकाज्वराने गाठले होते. कित्येकदा तान्ह्या बाळावरही तोच रोग झडप घाली.

त्याच वर्षी इग्नाझ सेमेलवाइस हा तरुण डॉक्टर पहिल्या विभागात साहाय्यक झाला. हंगेरीतील बुडा येथे १८१८ साली एका किराणा व्यापाऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला होता. कायद्याचा अभ्यास सोडून तो वैद्यकाकडे वळला होता. रोजचे हे मृत्यू त्याला पाहवेनात. दूषित हवेमुळे असे होते म्हणावे, तर दोन्ही विभागांची हवा एकच. गर्दीमुळे म्हणावे, तर दुसऱ्या विभागात गर्दी अधिक. मरणोन्मुख स्त्रीकडे जाणाऱ्या धर्मगुरूच्या घंटेने इतर स्त्रिया धास्तावतात की काय, म्हणून त्याने ती घंटाही बंद करविली. मृत्यू थांबले नाहीत.

मार्च १८४७ मध्ये त्याचे स्नेही प्राध्यापक कोलेच्का वारले. शवविच्छेदनाच्या वेळी एका विद्यार्थ्याची सुरी त्यांच्या बोटाला लागली होती. त्यांच्या मृतदेहात जी लक्षणे आढळली, तीच त्या मातांच्या देहांत आढळत असत. सेमेलवाइसला एकाएकी उलगडा झाला. डॉक्टर व विद्यार्थी विच्छेदनगृहातून थेट प्रसूतिगृहात येत आणि ते विष त्यांच्याच हातांनी येई! सुइणी विच्छेदन करीत नसत. तो स्वतः मात्र रोज सकाळी करीत असे. आपल्या हातून किती जणी मेल्या असतील, या विचाराने त्याचे मन पोळून निघाले. पण त्याने ते लपविले नाही.

मे महिन्यात त्याने नियम केला : क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावाचून कोणीही रुग्णास शिवू नये. एप्रिलमध्ये शंभरात अठरा माता मरत होत्या. जूनमध्ये जेमतेम दोन.

तरीही पुष्कळ मोठ्या डॉक्टरांनी त्याचे ऐकले नाही. आपलेच हात अपराधी, हे मान्य करणे त्यांना जड गेले. पूर्वी घडले ते अज्ञानाने; आता मात्र ती उघड हेळसांड होती. सेमेलवाइसही शांतपणे पटविणारा नव्हता. ग्रंथ लिहावयास त्याने १८६१ पर्यंत वेळ लावला आणि विरोधकांवर जळजळीत पत्रे लिहिली. व्हिएन्नातील जागा गेल्यावर तो पेस्ट शहरी परतला होता. तेथील रुग्णालयातही त्याने सूतिकाज्वर जवळजवळ हटविला.

पुढे त्याचे मन ढळले. १८६५ साली त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यात आले. तेथे अवघ्या दोन आठवड्यांत, १३ ऑगस्ट रोजी, तो मरण पावला. एक जखम चिघळून तिचे विष त्याच्या रक्तात भिनले होते.