ध्रुपद धरणारे तुकोबा

तुकोबारायांचं चरित्र आपण बहुतेक करून शेवटाकडून वाचतो. आधी वैकुंठगमन, मग इंद्रायणीत तरलेल्या वह्या, आणि दुष्काळाला जेमतेम एखादं वाक्य. पण टाळ घेऊन मागच्या ओळीत उभं राहणाऱ्या वारकऱ्याला जवळचा वाटावा असा भाग त्या दुष्काळाच्या लगतच आहे.

देहूच्या या घराण्यात विठ्ठल पिढ्यान् पिढ्या होता. पूर्वज विश्वंभरबाबांपासून घरात पंढरीची वारी. बोल्होबा-कनकाईंच्या घरी वाण्याचं दुकान, सावकारी, महाजनकी. म्हणजे तुकोबा खाऊन-पिऊन सुखी घरातले. मग एकेक करून आईवडील गेले, भावजय गेली, थोरले सावजी तीर्थयात्रेला निघून गेले. त्यावर 1630 च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ. दिवाळं निघालं. थोरली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली, लहानगा संतूही गेला. ज्या गावात मान होता तिथंच तोंड दाखवायची लाज वाटू लागली. हे सगळं तुकोबांनी स्वतःच अभंगांत सांगून ठेवलंय, काही झाकलेलं नाही.

माणूस अशा वेळी लोकांपासून दूर जातो. तेही गेले, भामनाथाच्या डोंगरावर, भंडाऱ्यावर. कर्जरोख्यांतला धाकटे बंधू कान्होबांचा वाटा त्यांना देऊन आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत सोडले, असं महिपतीबाबा लिहितात. डोक्यावरचं एक ओझं उतरलं, पण मन काही लगेच ताळ्यावर आलं नाही.

मग त्यांनी दोन साधी कामं हाती घेतली. पडझड झालेलं विठ्ठलाचं देऊळ दुरुस्त केलं. आणि एकादशीला कीर्तनाला उभे राहू लागले. पुढं नाही हं, मागं! पुढचा गाईल त्याचं ध्रुपद धरायचं, एवढंच. सुरुवातीला अभ्यासात चित्तही लागत नव्हतं, ही कबुली त्यांचीच. म्हणून आधीच्या संतांची वचनं पाठ केली. दुःखानं बधिर झालेल्या माणसाला स्वतःचे शब्द सुचत नाहीत. त्याला दुसऱ्याचे शब्द लागतात आणि चालीला धरून ठेवणारा टाळ लागतो. अभंग स्फुरले ते नंतर.

ही वाट घराला मात्र महाग पडली. धाकट्या जिजाईंना आपण कजाग म्हणून हसतो, ते काही बरं नाही. त्याच दुष्काळातून त्याही गेल्या होत्या, मुलंबाळं त्यांनाच सांभाळायची होती, आणि भाकरी घेऊन डोंगर त्याच चढत होत्या.

तुकोबांची निराशाही एकदम संपली नाही. देव भेटत नाही म्हणून तळमळलेले कितीतरी अभंग गाथेत आहेत. वह्या बुडाल्यावर तेरा दिवस अन्नपाणी सोडून ते शिळेवर बसले. फरक एवढाच की आता ते एकटे नव्हते. मागं ध्रुपद धरणाऱ्या तुकोबांच्या मागं आता चौदा टाळकरी होते. कडूसचे गंगाधरबुवा मवाळ, संताजी तेली जगनाडे, नावजी माळी, शिवबा कासार, बंधू कान्होबा. ब्राह्मण, तेली, माळी, कासार, सगळे एका ओळीत. ज्यांच्यामुळं वह्या बुडवाव्या लागल्या ते रामेश्वरभट्टही पुढं याच ओळीत आले. मला विचाराल तर वह्या तरल्या त्याहून हे मोठं!

शके 1571 च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबा गेले. कान्होबांनी भावाच्या विरहाचे अभंग केले, त्यांत देवाशी भांडणही आहे. जिजाई तेव्हा गरोदर होत्या. त्या पोटी जन्मलेल्या नारायणबाबांनी वडिलांना पाहिलंही नव्हतं. त्यांनीच 1685 साली पादुका पालखीत ठेवल्या, टाळकरी बरोबर घेतले आणि देहूहून आळंदीमार्गे पंढरीची वाट धरली.