मुळाच्या टोकावरची मोजदाद

उसाची गुणसूत्रे मोजणे म्हणजे डोळ्यांची परीक्षाच. कांद्याच्या पेशीत ती १६, मक्याच्या २०; पण जाड, रसाळ उसात ८० आणि रानटी उसात ४० पासून १२८ पर्यंत! कोणत्या उसाचा कोणाशी संकर जमेल, हे ठरवायला ही मोजदाद हवीच. १९३४ मध्ये कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात डॉ. जानकी अम्माळ याच कामाला लागल्या.

१८९७ मध्ये तेल्लिचेरीत जन्म, मद्रासला शिक्षण आणि १९३१ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट. तरीही केंद्रात त्यांची वाट सोपी नव्हती. अविवाहित स्त्री, त्यातून तिय्या समाजातली. सहकारी बहुतेक पुरुष. उसाचा मक्याशीही संकर त्यांनी घडवून दाखवला.

गुणसूत्रे स्पष्ट दिसतात ती पेशी विभागत असतानाच, आणि मुळाच्या टोकाशी असे विभाजन सतत चालू असते. टोक खुडून अल्कोहोल व असेटिक आम्लाच्या मिश्रणात टाकले की पेशी आहे त्या अवस्थेत थिजतात. पूर्वी ते मेणात बसवून पातळ काप काढत. पुढे सोपी रीत रूढ झाली: कोमट, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने पेशींची पकड सैल करायची, कार्माइनसारखा रंग द्यायचा आणि काचपट्टीवर अंगठ्याने दाबायचे. दाब कमी पडला तर गुणसूत्रे एकमेकांवर चढतात. जास्त झाला तर पेशी फुटून शेजारणीची गुणसूत्रे मिसळतात. मोजणी खोटी ठरायला तेवढे पुरते.

येथे कोल्चिसीन कामी येते. गाऊटच्या रुग्णांना आजही मिळणारे हे औषध पेशीत गुणसूत्रे ओढणारे धागे बनू देत नाही. त्यामुळे ती सुटी पसरतात. वाढत्या कोंबाला दिले, तर विभाजन अर्धवट राहून त्यांची संख्या दुप्पट होते. इंग्लंडमध्ये विस्ली येथे जानकींनी मॅग्नोलियाच्या रोपांवर हाच प्रयोग केला. एका वाणाला त्यांचेच नाव आहे. त्याआधी लंडनच्या जॉन इनिस संस्थेत असताना, सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासह त्यांनी लागवडीच्या वनस्पतींचा गुणसूत्रकोश सिद्ध केला. तो १९४५ मध्ये निघाला. वनस्पतींच्या वंशावळी शोधणाऱ्यांना तो फार उपयोगी पडला.

१९५१ मध्ये नेहरूंच्या बोलावण्यावरून त्या परतल्या आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुनर्रचनेला लागल्या. काही काळ तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही होत्या. १९७० नंतर मुक्काम मद्रासला. केरळचे सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणाखाली जाऊ नये म्हणून वयाच्या ऐंशीनंतरही त्या उभ्या राहिल्या. ७ फेब्रुवारी १९८४ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी ते जंगल राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाले.