न हसणारा विदूषक : बस्टर कीटन

हसविणाऱ्याने स्वतः हसू नये, हे मर्म कोणत्याही कसलेल्या सोंगाड्यास ठाऊक असते. परंतु ते बालपणीच हाती लागून पुढे सत्तराव्या वर्षापर्यंत एकनिष्ठेने सांभाळणारा कलावंत बस्टर कीटनखेरीज दुसरा आम्हांस माहीत नाही. मूकपटांच्या काळातील हा अमेरिकन विनोदी नट व दिग्दर्शक १ फेब्रुवारी १९६६ रोजी निवर्तला. चार्ली चॅप्लिनचे नाव आपल्याकडे घरोघर पोचले. कीटनचे तितके पोचले नाही. त्याचे फार मोलाचे काम ज्या दोन-दोन रिळांच्या लहान मूकपटांत साठविलेले आहे, ते अवघ्या वीस-वीस मिनिटांचे असून त्यांचा जन्म होऊन आता शंभर वर्षे उलटली आहेत. तरीही ते पाहताना नातवापासून आजोबांपर्यंत सारे घर एकाच क्षणी हसते, असा आमचा अनुभव आहे. असे का व्हावे, याचा उलगडा त्याच्या चरित्रातूनच होण्यासारखा आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

कीटनचा जन्म ४ ऑक्टोबर १८९५ रोजी कॅन्सस संस्थानातील पिक्वा नावाच्या लहानशा गावी झाला. गावाशी संबंध एवढाच की, त्याचे आईबाप गावोगाव औषधे विकण्यासाठी खेळ करीत हिंडणाऱ्या एका मंडळीत होते व मुक्काम त्या दिवशी तेथे पडला होता. पाळण्यातील नाव जोसेफ. पुढे जगप्रसिद्ध झालेला जादूगार हूडिनी त्यांच्या परिचयाचा होता, आणि जिन्यावरून गडगडत खाली येऊनही न रडणाऱ्या या तान्ह्या मुलास बस्टर हे नाव त्यानेच दिले, अशी कथा कीटन कुटुंबात सांगत. चरित्रकार ती फारशी खरी मानीत नाहीत. आम्हांसही ती जाहिरातीच्या सोयीची वाटते. परंतु मूल पडत असे आणि रडत नसे, याविषयी मात्र कोणाचे दुमत नाही.

कारण पडणे हाच त्याचा बालपणाचा उद्योग होता. आईबापांच्या खेळात तो सुमारे पाचव्या वर्षी उभा राहिला. त्रिवर्ग कीटनांचा तो खेळ म्हणजे, खट्याळ पोर आणि त्यास वठणीवर आणू पाहणारा बाप. बाप पोरास उचलून पडद्यावर फेकी, कधी वादकांच्या बैठकीत फेकी. फेकणे सोयीचे जावे म्हणून मुलाच्या कोटास पाठीमागे पेटीची मूठ शिवलेली असे! न्यूयॉर्कमधील बालसंरक्षण संस्थेने या प्रकाराविरुद्ध बरीच खटपट केली. तिची बाजू आम्हांस अगदीच चुकीची वाटत नाही. परंतु त्या मुलाने या विलक्षण शाळेत दोन विद्या संपादन केल्या. एक, कसे पडले असता हाडे शाबूत राहतात ती; आणि दुसरी, पडून उठल्यावर आपण हसलो की प्रेक्षक हसत नाहीत, आपण गंभीर राहिलो की नाट्यगृह दणाणून जाते, ही. अक्षरांच्या शाळेत जाणे मात्र त्याच्या वाट्यास जवळजवळ आलेच नाही.

बापाचे मद्यपान वाढले आणि १९१७ साली तो खेळ मोडला. मद्यपी माणसाच्या हाती स्वतःची मान देऊन हवेत उडणे किती काळ चालावे? कीटन न्यूयॉर्कला आला. रंगभूमीवर आठवड्यास २५० डॉलरचे काम ठरलेले असता रॉस्को आर्बकल या स्थूलकाय विनोदी नटाच्या चित्रशाळेत तो सहज डोकावला, आणि तेथेच राहिला. वेतन आठवड्यास ४० डॉलर. त्याच्या मनाला भुरळ पडली ती नटांच्या ऐटीची नव्हे, तर कॅमेऱ्याची. हे यंत्र आत कसे चालते ते पाहण्यासाठी त्याने ते मागून नेले, रात्री खोलीवर सुटे केले आणि पुन्हा जोडून परत आणले, असे सांगतात. नटाचे हे लक्षण नव्हे, कारागिराचे आहे. कीटन जन्मभर कारागीरच राहिला.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस फ्रान्समध्ये सैनिक म्हणून जाऊन व कानाने थोडा अधू होऊन तो परतला. १९२० साली निर्माता जोसेफ स्केंक याने त्यास लॉस एंजेलिस येथे स्वतंत्र चित्रशाळा दिली. पूर्वी तेथे चॅप्लिन काम करीत असे. येथे चोवीस वर्षांच्या या तरुणाने जे पहिले कृत्य केले, ते आमच्या मते ध्यानात घेण्यासारखे आहे. पहिला पुरा झालेला मूकपट मनास उतरला नाही, तेव्हा त्याने तो सरळ बाजूस ठेवला आणि दुसरा करावयास घेतला. तो दुसरा म्हणजे ‘वन वीक’.

त्याची कथा कोणासही कळावी इतकी साधी आहे. नवविवाहित दांपत्यास घर भेट मिळते. परंतु ते खोक्यांत भरलेले, भागांवर आकडे घातलेले, स्वतः जोडावयाचे घर आहे. अशी घरे तेव्हा अमेरिकेत टपालाने मागविता येत. वधूने नाकारलेला एक इसम रात्रीतून आकडे बदलून ठेवतो. मग नवरदेव सूचनापत्राबरहुकूम प्रामाणिकपणे घर उभारतो, आणि जे उभे राहते त्याच्या भिंती कलत्या, दारे भलतीकडे उघडणारी! वास्तूच्या दिवशी वादळ येते व पाहुण्यांसकट घर भोवऱ्यासारखे फिरू लागते. हे घर खरोखर फिरत्या चौथऱ्यावर बांधलेले होते. शेवटी घर चुकीच्या जागेवर बांधले असे कळते. ते ओढून नेताना रुळांवर अडकते. समोरून गाडी येते. दोघे डोळे झाकतात. गाडी शेजारच्या रुळावरून निघून जाते. त्यांनी निःश्वास टाकला न टाकला तोच उलट दिशेने दुसरी गाडी येऊन घराचा चक्काचूर करते. कीटन त्या ढिगाऱ्यावर विक्रीची पाटी लावतो, शेजारी सूचनापत्रही खोवून ठेवतो, आणि पत्नीचा हात धरून चालू लागतो. ते सूचनापत्र ठेवणे आम्हांस सर्व मूकपटांतील अत्यंत सज्जनपणाचे कृत्य वाटते.

१९२० ते १९२३ या अल्प काळात त्याने असे एकोणीस लहान मूकपट केले. पुष्कळांच्या दिग्दर्शनात एडी क्लाइन त्याच्यासोबत होता. लेखी कथा नसे. आरंभ सुचला, शेवट सुचला, की काम सुरू; मधले आपोआप सुचेल असा भरवसा. नाहीच सुचले तर सारी मंडळी बेसबॉलचा डाव मांडीत, आणि खेळता खेळता कोणास तरी सुचे. आजच्या हिशेबी लोकांस हा वेळेचा अपव्यय वाटेल. परंतु ‘द बोट’मध्ये घराच्या तळघरात बांधलेली नाव बाहेर ओढताना घरच कोसळते, आणि मग तीच नाव पाण्यात सोडताच, वर ताठ उभ्या असलेल्या कप्तानासह शांतपणे सरळ तळाशी जाते, ही कल्पना कार्यालयात बसून सुचणारी नव्हे.

‘द प्लेहाउस’ची हकीकत तर यंत्रविद्येच्या विद्यार्थ्याने वाचावी अशी आहे. विजेच्या घरावरील एका मूकपटाच्या वेळी सरकत्या जिन्यात बूट अडकून कीटनचा पाय मोडला. उड्या मारणे बंद झाले. तेव्हा त्याने उड्यांवाचून हसविण्याची युक्ती काढली. पडदा वर जातो तो रंगमंचावर कीटन, वादकांत कीटन, प्रेक्षकांत कीटन; स्त्री तोच, मूलही तोच. एका दृश्यात तर नऊ कीटन एका ओळीत आहेत. त्यासाठी भिंगापुढे उभ्या पट्ट्या बसविल्या. एक पट्टी उघडून एका कीटनचे चित्रण करावयाचे, फिल्म उलट गुंडाळून मूळ जागी आणावयाची, दुसरी पट्टी उघडावयाची, असे नऊ वेळा. कॅमेरा त्या काळी हाताने फिरवीत. छायाचित्रकार एल्जिन लेस्ली याचा हात नऊही वेळा एकाच गतीने फिरला नसता, तर सारा खेळ फसला असता. लेस्लीचे नाव आज थोड्यांस माहीत आहे, म्हणून येथे मुद्दाम दिले.

चॅप्लिनशी तुलना टाळता येत नाही, म्हणून आमचे मत सांगून टाकतो. चॅप्लिन आपणास हसवितो आणि मग आपल्या डोळ्यांतील पाण्याची अपेक्षा करतो. कीटन काहीच मागत नाही. ‘कॉप्स’मध्ये साऱ्या शहराचे पोलीस त्याच्या मागे लागतात. युक्तीने तो सर्वांस त्यांच्याच ठाण्यात कोंडून बाहेर येतो. पण जिच्यासाठी हे घडले ती तरुणी तोंड फिरवून निघून जाते. कीटन क्षणभर उभा राहतो, स्वतःच ठाण्याचे दार उघडतो आणि ते असंख्य हात त्यास आत ओढून घेतात. चेहऱ्यावरील एक रेषाही हललेली नाही. शेवटी दिसते ते थडगे आणि त्यावर त्याची चपटी टोपी. दुःख दाखविण्याची ही रीत आम्हांस अधिक मोठी वाटते. वाचकांचे मत निराळे असू शकेल.

याच काळात, १९२१ साली, त्याचा गुरू आर्बकल याच्यावर एक भयंकर आरोप आला. तिसऱ्या खटल्यात १९२२ साली तो निर्दोष सुटला, तरी लोकांनी त्यास वाळीत टाकले. कीटनने मात्र त्याची मैत्री सोडली नाही.

१९२३ पासून कीटन मोठ्या चित्रपटांकडे वळला. ‘शेरलॉक ज्युनियर’मध्ये पाण्याच्या लोंढ्याने आदळून त्याच्या मानेचे हाड मोडले, ते बऱ्याच वर्षांनी क्ष-किरण चित्रातून कळले! ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’मध्ये घराची आख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते व खिडकीची पोकळी नेमकी त्याच्याभोवती येते, चारदोन इंच इकडेतिकडे झाले असते तर हे चरित्र तेथेच संपले असते. ‘द जनरल’साठी त्याने खरे रेल्वे-इंजिन जळत्या पुलावरून नदीत कोसळविले. आज हा चित्रपट जगातील श्रेष्ठ चित्रपटांत गणतात. त्या वेळी तो आपटला, आणि त्याचे परिणाम कीटनला भोगावे लागले.

चित्रशाळेस नाव त्याचे होते, परंतु तीत त्याचा हिस्सा नव्हता. १९२८ साली स्केंकने त्यास मेट्रो-गोल्डविन-मेयर या बलाढ्य कंपनीकडे जाण्याचा सल्ला दिला. चॅप्लिनने जाऊ नकोस म्हणून सांगितले, हॅरॉल्ड लॉइडनेही सांगितले. आठवड्यास ३,००० डॉलरच्या वेतनाचा तो करार. कीटनने सही केली. आरंभीचा ‘द कॅमेरामन’ उत्तम निघाला. नंतर मात्र कथा लेखकांनी लिहावयाची, खर्च कारकुनांनी ठरवावयाचा, आणि ज्याने आयुष्यभर आपल्या उड्या स्वतः मोजल्या त्याने केवळ सांगितलेल्या जागी उभे राहावयाचे, असा कारभार सुरू झाला. लोक समजतात की बोलपट आले व कीटन संपला. हे खरे नाही. त्याचा आवाज चांगला होता आणि त्या कंपनीतील त्याच्या बोलपटांनी पैसाही भरपूर मिळविला. संपले ते त्याचे स्वातंत्र्य.

आम्हांस येथे आपल्या दादासाहेब फाळक्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. १९१८ साली भागीदारांसह हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली, आणि थोड्याच काळात मतभेद होऊन तिचा प्राण असलेला हा पुरुष काशीस निघून गेला. दोघांची कला भिन्न, प्रकृती भिन्न. पण हिशेबाची वही आणि कारागिराचा हात यांतील वैर दोन्हीकडे सारखेच दिसते.

१९३२ साली पत्नीने घटस्फोट घेतला, १९३३ साली कंपनीने काढून टाकले. ज्या व्यसनाने बापाचा खेळ मोडला त्याच व्यसनाने मुलास ग्रासले. पुढे त्याने लहान लहान कंपन्यांसाठी हलक्या दर्जाचे लघुपट केले. १९३७ च्या सुमारास त्याच जुन्या कंपनीत इतरांच्या चित्रपटांसाठी विनोद सुचविण्याचे काम आठवड्यास १०० डॉलरवर पत्करले. आम्ही या वर्षांचा विस्तार करीत नाही. १९४० साली एलिनॉर नॉरिस या नर्तकीशी त्याचा विवाह झाला आणि तिने त्याचे घर सावरले, एवढे सांगणे पुरे.

मध्यंतरी त्याच्या मूकपटांची दशा वाईट होती. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती पेट घेते, नाही तर आपोआप कुजते. तिची कोणास किंमतही नव्हती. १९४९ साली जेम्स एजी या समीक्षकाने मूकपटांतील विनोदावर एक विस्तृत लेख लिहिला, आणि लोकांस या नटाचे स्मरण झाले. बेव्हर्ली हिल्स येथील कीटनचे जुने घर पुढे जेम्स मेसन या नटाने विकत घेतले होते. तेथे विसरून राहिलेल्या डब्यांत कीटनच्याच चित्रपटांच्या प्रती सापडल्या. १९५४ पासून रेमंड रोहॉअर या चित्रगृहचालकाने कीटनसोबत जुन्या प्रती मिळवून त्या टिकाऊ फिल्मवर उतरविण्याचे काम चालविले. १९५२ च्या ‘लाइमलाइट’मध्ये तो व चॅप्लिन एकत्र दिसले. १९६० साली त्यास ऑस्करचे मानचिन्ह मिळाले, आणि १९६५ साली व्हेनिसच्या महोत्सवात प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्यांचा कडकडाट केला.

त्याच्या आदल्या वर्षी कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळासाठी त्याने ‘द रेलरॉडर’ हा लघुपट केला. रुळांवर चालणाऱ्या एका लहानशा गाडीवरून एक म्हातारा सारा देश ओलांडतो. तोंडून शब्द नाही. एका उंच पुलावरून जाताना त्याने भला मोठा नकाशा उघडावा, तो वाऱ्याने त्याच्याभोवती गुरफटावा आणि आंधळ्यासारखी गाडी पूल ओलांडून जावी, ही कल्पना कीटनची. तरुण दिग्दर्शक जेराल्ड पॉटरटन यास ती धोक्याची वाटली. त्याने सौम्य तोड सुचविली. कीटन चिडला. पुलाचे त्यास भय नव्हते. विनोद अर्धवट राहील याचे होते. अखेर एकोणसत्तर वर्षांच्या त्या म्हाताऱ्याच्याच म्हणण्याप्रमाणे दृश्य घेतले गेले. पुलावरून गाडी जाते, नकाशा फडफडतो, आत माणूस आहे की नाही ते दिसत नाही, आणि पलीकडे पोचल्यावर तो नकाशाची घडी करू लागतो.