उरलेल्या वेळेतला गायक : ओटिस रेडिंग

या अंकात आम्ही ज्याची ओळख करून देत आहोत, त्या गायकाला अवघे 26 वर्षांचे आयुष्य मिळाले. त्याचे गाणे ‘सोल’ या प्रकारातले. चर्चमधल्या भजनांची आर्तता आणि नाचाच्या गाण्यांचा ठेका यांच्या मिलाफातून हा प्रकार जन्मला. आपल्यापैकी अनेकांच्या कानांना तो परका वाटेल, पण ही हकिगत पालकांनीही वाचावी.

ओटिस रेडिंगचा जन्म 9 सप्टेंबर 1941 रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, डॉसन या गावी झाला. तो लहान असतानाच कुटुंब मेकन शहरी आले. त्या काळी तेथे कृष्णवर्णीयांच्या शाळा वेगळ्या, बसमधल्या जागाही वेगळ्या. वडील क्षयाने आजारी पडले आणि घर चालवण्यासाठी ओटिसने पंधराव्या वर्षी शाळा सोडली. विहिरी खणणे, पेट्रोल पंपावर राबणे, मिळेल ते काम त्याने केले. चर्चमध्ये तो गात असे.

1962 मध्ये तो मेम्फिस शहरातल्या ‘स्टॅक्स’ या ध्वनिमुद्रण कंपनीत गेला, तोही गायक म्हणून नव्हे. गिटारवादक जॉनी जेन्किन्सची गाडी चालवायला! जेन्किन्सचे काम मनासारखे झाले नाही, थोडा वेळ उरला. त्या उरलेल्या वेळेत ड्रायव्हरला गाऊ द्या, असे ठरले. त्या दिवशीच्या त्याच्या संथ, विनवणीच्या गाण्याने त्याचे नाव झाले.

स्टॅक्सबद्दल थोडे सांगायला हवे. एका जुन्या चित्रपटगृहात हा स्टुडिओ थाटला होता. जमीन अजून उतरतीच होती. आत दोन गोरे आणि दोन कृष्णवर्णीय वादक एकाच वाद्यवृंदात वाजवत. बाहेर मात्र त्यांनी एका टेबलाशी बसून जेवणेसुद्धा कठीण! ओटिस ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाल्यांना त्यांचे तुकडे तोंडाने गाऊन दाखवी आणि ते तसेच वाजवत. याच वर्षांत न्यूयॉर्कमधली पोर्तो रिकन वंशाची मुले आपल्या घरच्या ठेक्यात सोल मिसळून ‘बुगालू’ वाजवू लागली होती. सोलची हवा अशी दूरवर पोहोचत होती.

1965 मध्ये ओटिसने लिहिलेले ‘रिस्पेक्ट’ हे गाणे 1967 मध्ये अरिथा फ्रँकलिन या गायिकेने गायले आणि ते तिचेच होऊन गेले. घरी आलेल्या पुरुषाची मागणी होती, ती स्त्रीच्या आत्मसन्मानाची झाली. मूळ गाण्यापेक्षा आम्हाला हेच रूप अधिक भावते. त्याच वर्षी जूनमध्ये कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे महोत्सवात, रात्री उशिरा, ओटिसने जेमतेम पाच गाणी गायली. समोर बहुतेक गोरे तरुण होते. त्यांनी त्याला डोक्यावर घेतले.

मग घशाची शस्त्रक्रिया झाली. काही आठवडे आवाज बंद. त्यानंतर त्याने सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठी सुचलेले एक शांत गाणे गिटारवादक स्टीव्ह क्रॉपरच्या साथीने पुरे केले आणि शेवटी नुसती शिट्टी वाजवली.

10 डिसेंबर 1967 रोजी विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसनला कार्यक्रमासाठी जाताना त्याचे छोटे विमान मोनोना सरोवरात कोसळले. ओटिस गेला. त्याच्यासोबत ‘बार-केज’ या वाद्यवृंदातली चार मुलेही गेली, नुकतीच शाळेतून बाहेर पडलेली. आम्हा शिक्षकांचे मन या ओळीपाशी अडखळते. विमानातला एकटा ट्रम्पेटवादक बेन कॉली तेवढा वाचला. त्याला पोहता येत नव्हते. आसनाची गादी धरून तो गारठलेल्या पाण्यात तरंगत राहिला.

ते खाडीकाठचे गाणे क्रॉपरने शोकातच तयार केले, त्यात लाटांचे आणि समुद्रपक्ष्यांचे आवाज घातले. मार्च 1968 मध्ये ते अमेरिकेच्या गाण्यांच्या यादीत पहिले आले. गायकाच्या मृत्यूनंतर तेथे पहिले आलेले ते पहिलेच गाणे.

स्टॅक्सची ती इमारत 1989 मध्ये पाडण्यात आली. पुढे त्याच परिसरात मुलांसाठी संगीतशाळा उभी राहिली. मेकनमध्ये पत्नी झेल्मा यांनी 2007 मध्ये ओटिसच्या नावाने संस्था काढली. पंधराव्या वर्षी शाळा सोडलेल्या त्या मुलाच्या नावाने तेथे मुलांना संगीत शिकवले जाऊ लागले.